ढेरावर उभ्यानं भरलेली बांगडी

खुर्शीदा बांगडीवालीचा आवाज असा होता, की कॉलनीच्या पहिल्या क्वार्टरपाशी तिनं "बांगड्याऽ भरा वोऽऽ" म्हटलं की शेवटच्या क्वार्टरमधली बाई कणकेचे हात धुवायला उठायची. हा आवाज काही तिनं घुग्घुसला येऊन कमावला नव्हता. माहेर कुरखेड्याचं. बाप मनियार, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन गावोगावच्या बाजारांना पायी जायचा, आणि ही त्याच्या मागून. एका टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, हाक मारली तर ती धानाचे बांध ओलांडून दुसऱ्या टोल्यावर ऐकू गेली पाहिजे, एवढीच त्या धंद्याची शाळा. बाप मात्र कधीकधी दचकायचा. "हळू वो पोरी," म्हणायचा, "मधात अस्वल झोपलं असंन."

लग्न होऊन ती घुग्घुसला आली, तेव्हा नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळलं की या घरात आता आपण बोलायची फारशी गरज उरली नाही. नवरा म्हणजे बाबूभाई. ट्रकांच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान, अंगानं बारीक, स्वभावानं शांत, पंक्चरच्या पाण्यात बुडबुडे शोधण्यात सगळा दिवस घालवणारा. तो दुकानात जायचा, ही टोपली घेऊन खाणकामगारांच्या कॉलनीत. संध्याकाळी दोघंही कोळशाच्या धुळीनं इतकी माखलेली यायची, की आधी तोंडं धुवायची आणि मग एकमेकांना ओळखायचं.

बांगडीवालीचा धंदा बसून करायचा. उंबऱ्याच्या अलीकडे, जमिनीवर. आतली बाई पाटावर, ही खाली फरशीवर. तिचा हात आपल्या हातात घ्यायचा, पंजा दाबून दाबून ढिला करायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा आणि बांगडी अशी सरकवायची की काचेलाही कळू नये. एखादी तडकलीच तर "फुटली" म्हणायचं नाही. सवाष्णीच्या दारात तो शब्द तोंडातून काढत नाहीत. "वाढली" म्हणायचं आणि दुसरी भरायची. भरून झाल्यावर बाई वाकून नमस्कार करते, ते खुर्शीदाला फार आवडायचं. पण दिवसभर लोकांच्या दारात खाली बसून, मान वर करकरून बोलून, संध्याकाळी तिचे गुडघे आणि मान दोन्ही बोंबलत घरी यायचे.

आता ढेराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

कॉलनीच्या मागे फुटबॉलचं ग्राउंड होतं. एका बाजूला साहेब लोकांसाठी शामियाना, सोफे, थंड पाण्याचे जार. समोरच्या बाजूला ढेर. खाण उघडली तेव्हा कोळशावरची जी माती निघाली, ती तिथं आणून टाकली होती. दोन मजली उंच, काळपट, ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सोफ्यावर बसून मॅच बघणारे पन्नास. ढेरावर उभे राहून बघणारे हजारभर. दर पावसाळ्यात ढेराच्या पायऱ्या वाहून जायच्या. मग दिवाळी आटोपली, टूर्नामेंट जवळ आली की लोक कुदळी-फावडी घेऊन यायचे आणि ज्याची त्यानं आपली पायरी खोदायची. पायरी खोदली की ती जागा त्याची, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. तिथं कलेक्टर येऊन उभा राहिला असता तरी त्याला "सरका साहेब" म्हणाले असते.

आणि ढेरावर बसायचं नाही. हा नियम कोणी लिहिला नव्हता. मातीनंच केला होता. जो बसला त्याच्या पँटीच्या बुडाला असा काळा ठसा उठायचा की तीन धुण्यांत निघायचा नाही. आठवडाभर शिफ्टवर लोक मागे बघून म्हणायचे, "काय जी, रविवारी थकले होते वाटते!" यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

खुर्शीदा ढेरावर चढली ती फुटबॉलसाठी नाहीच. एका रविवारी कॉलनीतून परत निघाली, रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, म्हणून ढेरावरून पलीकडे उतरू म्हणून वर आली. डोक्यावर टोपली. वर पोहोचते तोच खाली घुग्घुसच्या एका पोरानं बॉल असा हाणला की जाळी फाटते की काय! हजार माणसं एकदम उडाली. खुर्शीदाची टोपली डोक्यावर तशीच, आणि तोंडातून तो कुरखेड्याचा आवाज निघाला: "अरे माऱ्याऽऽऽ!" शामियान्यातल्या साहेबांनी मान वर करून बघितलं. तिला स्वतःलाच हसू आलं. मॅच संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. घरी गेली ती घसा बसवून; बाबूभाई म्हणाला, "आज मोठा शांत दिवस हाये."

पुढच्या रविवारी ती परत आली, त्याच्या पुढच्या रविवारी बुधरीला घेऊन आली. बुधरी धानोऱ्याकडची, ठेकेदाराकडे मातीकामावर होती. दंडावर, मनगटावर गोंदलेलं, बोलायला कमी, हसायला पुष्कळ. मग आणखी आठ-दहा जणी आल्या. त्यात एक ललिता. ही तोंडावर पदर ओढून यायची, हातात दळणाचा डबा. कारण ललिताचा नवरा खाली पहिल्याच पायरीवर उभा असायचा आणि त्याची समजूत अशी होती की आपली बायको या वेळी चक्कीवर आहे.

तो नवरा म्हणजे मुखरू. खाणीत शॉवेल चालवायचा, म्हणजे ज्या मशिनीच्या एका घासात अर्धा ट्रक भरतो ती. माणूसही त्याच मापाचा. हाताचा पंजा पाटाएवढा, मिशा अशा की पावसात त्यांच्याखाली उभं राहावं. ढेराचा तो स्वतःहून झालेला मालक होता. कधी ओरडायचं, कधी रेफरीच्या आईबापांची चौकशी करायची, हे तोच ठरवायचा. त्याचा धाकटा भाऊ धनराज घुग्घुसचा सेंटर फॉरवर्ड, त्यामुळे मान आणखी ताठ.

बायका बघून त्याचं डोकं फिरलं. "खुर्शीदाबाई, हे बायकायची जागा नाई."

"काऊन जी? तुमचं नाव लिवलं हाये काय?"

"ज्यानं पायरी खोदली त्याची जागा. तुमची पायरी कुठी हाये, दाखवा."

खुर्शीदा गप्प बसली, म्हणजे तोंडानं. पुढच्या रविवारी सकाळीच बुधरी सब्बल आणि फावडं घेऊन हजर. दिवसाला ट्रकभर माती उचलणारी बाई ती! दुपारच्या जेवणापर्यंत गोलपोस्टच्या अगदी समोर अशी रुंद, सपाट, सरळ पायरी निघाली की शेजारचे पुरुष आपापल्या वाकड्यातिकड्या पायऱ्यांवर उभे राहून तिच्याकडे हेव्यानं बघू लागले. मधोमध खुर्शीदानं टोपली ठेवली. काचेचा माल, धक्का लागला तर बारा बायकांच्या बारा तऱ्हेच्या शिव्या. ढेरावर कुठंही पाय ठेवायला जागा नसायची, पण टोपलीभोवती मात्र हातभर मोकळं गोल राहायचं, आणि त्या गोलाच्या आसऱ्यानं बायका मजेत उभ्या राहायच्या.

आणि मग ते बांगडीचं सुरू झालं.

राजुऱ्याशी मॅच होती. घुग्घुस एक गोलनं मागे. ललिता म्हणाली, "बाई, आता येतेच आहो तर चार बांगड्या भरून घेते ना." आता बसायचं तर नाही, पँट नसली तरी लुगड्यालाही ठसा उठतोच. खुर्शीदानं उभ्याउभ्याच ललिताचा हात धरला. साऱ्या मुलखात कोणी उभ्यानं बांगड्या भरल्याचं ऐकिवात नव्हतं. पंजा दाबला, बांगडी सरकवली. ती ललिताच्या मनगटावर टेकली आणि त्याच क्षणी गोल! दुसरी भरायला घेतली. बांगडी बोटांच्या पेरांवर अडली होती तोवर बॉलही तिकडं पायापायांत अडलेला. बांगडी घसरली, धनराजनं गोल केला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसरी भरून पाहिली. मॅच तीन-एकनं जिंकली.

आता तुम्ही म्हणाल, हा योगायोग. म्हणा खुशाल. तुम्ही त्या वेळी ढेरावर नव्हता. पुढच्या मॅचलाही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. बांगडी चढली की गोल! खुर्शीदा आधी हसायची, म्हणायची माझं काय जाते, माल खपून राह्यला. पण तिसऱ्या मॅचनंतर तीच सगळ्यात कट्टर झाली. धनराजच्या कानावर गेलं, मग तर विचारूच नका. तो कॉर्नर घ्यायला उभा राहिला की आधी ढेराकडे बघायचा. खुर्शीदाचा हात वर झाला, "चढलीऽऽ!" अशी आरोळी आली, की मग किक.

एक अडचण होती. मॅचसाठी भरलेली बांगडी टूर्नामेंट संपेपर्यंत काढायची नाही, असं बायकांनी ठरवून टाकलं. काढून परत घातलेली चालत नाही. जुनी बांगडी, जुना गोल. त्यामुळे मॅचमागून मॅच बायकांचे हात भरत चालले. मनगटापासून निघालेली रांग कोपरापर्यंत पोहोचली. भांडी घासायला बसल्या की कॉलनीत लग्नघरासारखा आवाज. ललितानं नवऱ्याला नवस बोलले म्हणून सांगितलं. बुधरीचं गोंदण दिसेनासं झालं. ती मातीचं घमेलं उचलायची तर मुकादम म्हणायचा, "बाई, वरात कुठी निघाली?"

मुखरूला हे सगळं थोतांड वाटायचं. एका मॅचला आपली पोरं फारच लेचीपेची खेळत होती, तेव्हा तो संतापून ओरडला, "अबे, हातात बांगड्या भरा, बांगड्या!"

पुरुषाला यापेक्षा मोठी शिवी आपल्याकडे नाही. आणि मागून तो कुरखेड्याचा आवाज आला: "मुखरूभाऊ, माप सांगा! टोपली इथीच हाये!"

ढेर असा हसला की माती घसरली. मुखरूच्या मिशा थरथरायला लागल्या. खुर्शीदा थांबते कशाची! "आज तुमचा शिफ्टचा डबा कोणच्या हातानं भरला जी? बांगडीवाल्याच ना? तो खाऊन इथी येता अन् बांगड्यायले नावं ठेवता!" ललितानं पदर आणखी खाली ओढला, डबा तिनंच भरला होता.

मुखरूनं ते मनावर घेतलं. टूर्नामेंटच्या कमिटीकडे गेला. बायकांच्या गलबल्यात पोरांचं ध्यान जातं, म्हणाला. त्यांना कोपऱ्यात दोर बांधून कनातीआड जागा द्या. ती जागा म्हणजे कॉर्नरच्या झेंड्यामागे, जिथून बॉलचं फक्त वर उडणं दिसतं. कमिटीवाले घाबरट, कोणालाच नाही म्हणायचं नाही. ते म्हणाले, फायनल झाली की बघू. मग फायनलच्या आदल्या रविवारी मुखरूनं भर ढेरावर जाहीर केलं, "फायनल जिंकलो तं बायका इथीच राह्यतीन, मी तोंडातून शब्द काढणार नाई. हारलो तं खाली उतरायचं. दोर मी आणून ठेवला हाये. हाये कबूल?"

"कबूल!" खुर्शीदा म्हणाली. कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. रागाच्या भरात बारा जणींची जागा डावावर लावून मोकळी झाली.

घरी आली आणि मग काय करून बसलो ते ध्यानात आलं. बल्लारपूरशी फायनल! ते मागची दोन वर्षं कप घेऊन गेलेले. टोपली कोपऱ्यात ठेवून ती जेवायलाही उठेना. बाबूभाईनं विचारलं, "एवढं काय वो त्या मातीच्या ढेरात?"

"दिवसभर मी लोकायच्या दारात बसते," खुर्शीदा म्हणाली. "जल्मभर बसलीच हाये. तेवढ्या एका जागी मी उभी राह्यते. समजलं? तेवढ्याच जागी." आणि डोळ्यांत पाणी आलं, तिचा तिलाच राग आला.

बाबूभाईनं तिचं ताट वाढून पुढे सरकवलं. "मंग जिंका ना," म्हणाला.

फायनलला घुग्घुस बंदच होतं म्हणा ना. शिफ्टवरून सुटलेली माणसं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आली. मुखरूनं दोराचं वेटोळं पहिल्या पायरीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. खुर्शीदानं ते बघितलं आणि टोपलीवरचं फडकं सोडलं.

पहिल्या अर्ध्यात बल्लारपूरनं गोल केला. बायकांचे चेहरे उतरले. दुसऱ्या अर्ध्यात खुर्शीदानं एकीमागून एक हात धरायला सुरुवात केली. कोपराच्या वर जागा शोधली, दंडावर शोधली. बांगड्या अडकायच्या, बॉलही अडकायचा. शेवटी बुधरीच्या दंडावर एक हिरवी बांगडी कशीबशी चढली आणि धनराजनं डोक्यानं बॉल आत घातला. एक-एक! जादा वेळातही एक-एक. रेफरीनं पेनल्टीची खूण केली, आणि खुर्शीदानं टोपलीत हात घालून बघितलं तर आत मूठभर बांगड्या. बारा जणींच्या हातांत मिळून तीन जागा.

बल्लारपूरनं मारली, गोल. घुग्घुसची पाळी, एक जागा संपली, गोल. त्यांची गोल, आपली दुसरी जागा, गोल. तिसरीही तशीच. बल्लारपूरनं चौथीही आत घातली. आता आपल्या चौथ्या किकला करायचं काय? खुर्शीदाचे स्वतःचे हात केव्हाच भरले होते. इतक्यात गर्दीतून वाट काढत, "सरका जी, सरका," म्हणत कोण आलं? बाबूभाई! आयुष्यात पहिल्यांदा ढेरावर. घराची किल्ली हिच्या कनवटीला राहिली होती, ती मागायला आला होता.

"हात द्या," खुर्शीदा म्हणाली.

"किल्ली..."

"हात द्या म्हणते ना!"

बाबूभाईनं हात दिला. बारीक मनगट, दोन-सहा मापाची बांगडी लोण्यासारखी गेली. "चढलीऽऽ!" आणि गोल! बाबूभाईनं हाताकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाला, "घरी तरी काय वेगळं चालते?"

बल्लारपूरची शेवटची किक खांबावर आदळली आणि बाहेर गेली. ढेर वेडा झाला. आता आपली एकच किक. गेली तर कप घुग्घुसचा. मारणार धनराज. आणि टोपलीत एकच बांगडी उरलेली. दोन-दहाची, सगळ्यात मोठी, नमुन्याला ठेवलेली लाल.

धनराजनं बॉल ठेवला. चार पावलं मागे आला. कमरेवर हात ठेवून ढेराकडे बघत उभा राहिला.

"हात द्या कोणी!" खुर्शीदा ओरडली. "एक हात!"

काय सांगावं! मघापासून हवेत नाचणारे दोन हजार हात एका क्षणात गायब. कोणी खिशात घातले, कोणी काखेत दाबले, कोणी पाठीमागे नेले. बाबूभाईनं दुसरा हात पुढे केला तर पोरं म्हणाली, "एका गड्याले एकच चालते चाचा, कायदा हाये." रेफरीनं शिट्टी वाजवली. धनराज हलेना. रेफरीनं घड्याळ दाखवलं. धनराजनं ढेराकडे बोट दाखवलं.

मुखरू पहिल्या पायरीवर उभा होता. त्यानं काहीच करायची गरज नव्हती, हे ध्यानात घ्या. नुसता गप्प उभा राहिला असता, हात खिशात ठेवले असते, तर भाऊ गांगरून किक चुकवणार, आणि बायका दोराआड. त्याच्याच मनासारखं. तो दोराकडे बघत होता. कपाळावरून घाम मिशांत उतरत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अवो धनराजचे भाऊ! द्या ना हात! कायले पाहून राह्यले?"

मुखरू गर्रकन वळला. पदर खांद्यावर, हात दंडापर्यंत भरलेले, पायाशी दळणाचा डबा. ललिता! त्याचं तोंड उघडलं ते उघडंच. तिच्या बांगड्यांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. सगळ्या रविवारांचं दळण त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग तो तीन पायऱ्या एका ढांगेत चढून वर आला, टोपलीच्या गोलात उभा राहिला आणि तो पाटाएवढा पंजा खुर्शीदापुढे धरला.

"भर वो बाई! लवकर भर!"

दोन-दहाची बांगडी त्या पंजापुढे अंगठीएवढी दिसत होती. खुर्शीदानं ललिताची वेणी ओढली, तिचं तेल हातावर घेतलं, मुखरूच्या पंजाला चोळलं. "ढिला सोडा. मुठी मारामारीत वळा, इथी नाई." अंगठा तळव्यात दुमडला. हाडांवर हाडं आणली. "आई वो!" मुखरू कळवळला. बांगडी पेरांवर अडली. खाली रेफरीनं तिसऱ्यांदा शिट्टी तोंडाला लावली. खुर्शीदानं डोळे मिटले, बापाचं नाव घेतलं आणि दाबली.

"चढलीऽऽऽऽ!"

कुरखेड्यापर्यंत गेली असेल ती हाक. धनराज धावला. गोलकीपर बरोबर त्याच बाजूला झेपावला, बॉल त्याच्या बोटांना लागला, वर उडाला, खांबाला घासला आणि आत पडला.

मग ढेर खाली आला. खरोखरच आला. हजार माणसं एकदम उडाली आणि एकदम टेकली, तेव्हा मातीनं हात टेकले; पायऱ्या, माणसं, चपला, दळणाचा डबा, बाबूभाई, सगळं घसरत ग्राउंडवर. कप देणाऱ्या साहेबांना कळेना, खेळाडू कुठले आणि बघे कुठले. सगळ्यांच्या बुडावर ठसे. खुर्शीदा घसरली ती टोपली डोक्यावर घट्ट धरूनच, आणि इतकी हसली की तिला उठवायला बुधरी लागली.

मुखरूची बांगडी मात्र निघेना. गेली ती गेली, परत यायला तयार नाही. काढायची तर तोडावी लागणार. ललिता म्हणाली, "तोडा मंग." मुखरू म्हणाला, "गप बस वो. कपाची हाये." शिफ्टवर तो ती घालूनच गेला. कोणी दात काढले तर मनगट वर करून म्हणायचा, "तुमच्या हातात काय हाये जी? माझ्या हातात फायनल हाये." काचेची बांगडी शॉवेलवाल्याच्या हातात टिकते काय, असं विचारू नका. टिकली. पुढच्या दिवाळीनंतर पायऱ्या खोदायची वेळ आली, तेव्हा तोच दोर घेऊन ढेरावर आला, खुंट्या ठोकल्या आणि खुर्शीदाच्या टोपलीभोवती दोराचा गोल बांधून दिला. बायकांना धक्का लागू नये म्हणून.

ढेर आता नाही. दोन हजार एक साली वरून हुकूम आला: माती हटवा, तिथं सिमेंटची गॅलरी होणार. ढेर उचलायला मुखरूचीच शॉवेल लावली. खुर्शीदा बघायला गेली नाही. जिची पायरी होती तिनं का बघावं?

गॅलरी झाली. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, नटबोल्टनं आवळलेल्या, वर आकडे. पहिल्या मॅचला खुर्शीदा टोपली घेऊन गेली, तर दारावरच्या पोट्ट्यानं कोपरा दाखवला. लोखंडी पाइपांचं कुंपण, वर पाटी: महिलांसाठी राखीव. कॉर्नरच्या झेंड्यामागे. तिथून गोलची जाळी दिसायची, तीही पाठीमागून. बुधरी, ललिता, सगळ्या जणी तिथं आधीच मुकाट बसलेल्या. खुर्शीदा बसली. टोपली मांडीवर. मॅच सुरू झाली. तिला बॉल दिसेना. गुडघे ठणकायला लागले. आपण पुन्हा कोणाच्या तरी दारात बसलो आहोत, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी खुर्च्यांच्या रांगा तुडवत येताना दिसलं. लोक ओरडत होते, "ओ, बसा ना!" मुखरू कुणाचं ऐकत नव्हता. कुंपणापाशी आला. पाइपांमधून पाटाएवढा पंजा आत घातला. मनगट मोकळं.

"बाई," तो म्हणाला. आवाज इतका खाली, की हा मुखरूचाच काय, असं वाटावं. "वाढली ना वो. तुमच्या पायरीवर मशीन लावली अन् त्याच दणक्यात वाढली. दुसरी भरून द्या."

खुर्शीदानं त्याच्याकडे बघितलं. तुटली म्हणाला नव्हता, फुटली म्हणाला नव्हता.

"बसून भरू काय?" तिनं विचारलं.

"बसून कायले? आपली तं उभ्यानंच भरते."

खुर्शीदा उठली. टोपली खुर्चीवर ठेवली, फडकं सोडलं, दोन-दहाची लाल शोधली. तिच्या मागून बुधरी उठली, ललिता उठली, मग सगळ्या. मागच्या रांगेला काही दिसेना, म्हणून मागची रांग उठली. तिच्यामुळे तिच्या मागची. पलीकडे पुरुषांनी पाहिलं, काय झालं म्हणून तेही उठले. शिट्टीवाला पोट्टा "बसा, बसा" करत पळत सुटला, आणि लाउडस्पीकरवरून साहेब विनंती करत राहिले. खुर्शीदानं मुखरूचा अंगठा तळव्यात दुमडला. स्कोअर शून्य-शून्य होता, आणि सगळी गॅलरी उभी होती.